नादाची जात

संगीताच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत नादाचीं तीन लक्षणें सांगितलेलीं असतात. पहिलें त्याची उंची, दुसरें त्याचा लहानमोठेपणा, आणि तिसरें त्याची जात. एकच षड्ज एकाच जोरानें सनईंतून निघाला आणि सतारीवर छेडला गेला, तरी डोळे मिटून बसलेला श्रोताही हा सनईचा व हा सतारीचा असें बिनचूक सांगतो. ज्याच्या बळावर तो हें सांगतो ती नादाची जात होय. पाठ्यपुस्तक एवढ्यावर थांबतें. परंतु आपल्या देशांत जिला जात म्हणतात तिची गोष्ट एवढ्यावर कधींच थांबलेली नाहीं. नाद कोणत्या वाद्याचा हें ओळखतां आलें, कीं तें वाद्य कोणाच्या हातचें हेंही पूर्वीं त्याच क्षणीं ओळखतां येत असे. हलगी कोणीं वाजवायची, सनई कोणीं फुंकायची, वीणा कोणीं खांद्यावर घ्यायची, याच्या वांटण्या गांवकीनें केव्हांच करून ठेवलेल्या होत्या.

आज संगणकावर संगीत रचणाऱ्यांच्या हातीं असें एक वाद्य आलें आहे, कीं ज्याला स्वतःची अशी जातच नाहीं. तें लांकडाचें नाहीं, कातड्याचें नाहीं, तारेचें नाहीं. तें एक सॉफ्टवेअर आहे. इंग्रजी परिभाषेंत त्यास मल्टिटिंब्रल म्हणतात. आपण त्यास अनेकजाति वाद्य म्हणूं. पेटीवर एका वेळीं चार पट्ट्या दाबल्या तर चार स्वर निघतात, परंतु ते चारही पेटीचेच. अनेकजाति वाद्यांत मात्र एका वेळीं बांसरी, सारंगी, झांज व ढोल असे निरनिराळ्या जातींचे नाद एकाच उगमांतून, एकमेकांत न मिसळतां निघतात. ही केवळ यंत्राची करामत नव्हे. नाद वाजविणाऱ्या हातापासून वेगळा झाला तेव्हां त्यांत सुटका कोणाची झाली आणि हानि कोणाची, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे. आणि त्याचा विचार करावयाचा तर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांपेक्षां जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं जाणें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें.

पुणें-नाशिक रस्त्यावर मीना नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलें जातें. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक येथें राहुट्या ठोकतात, आणि चैत्र-वैशाखांतील यात्रांसाठीं गांवोगांवचे कारभारी येथें येऊन सुपाऱ्या ठरवितात. शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतून, मंचर-घोडेगांवच्या बाजूनें लोक येतात, तसेच घाट ओलांडून नाशिक-अहिल्यानगराकडचेही येतात. महाराष्ट्रांत ग्रंथांचे बाजार भरविण्याची खटपट आपण सुशिक्षितांनीं पुष्कळ केली. परंतु एका कलेचा एवढा मोठा बाजार कोणत्याही परिषदेच्या ठरावाशिवाय वर्षानुवर्षें भरत आहे, याची जाणीव आपल्यापैकीं थोड्यांनाच असते.

जुन्या ढोलकीफडाचा वाद्यमेळ अगदीं थोडक्या सामानाचा असे. ढोलकी, हलगी, तुणतुणें, मंजिरी आणि कडें. पांच वाद्यें आणि पांच माणसें. तुणतुण्याला एकच तार. ती षड्जही धरते आणि लयही धरते. हलगीचें कातडें आगीवर शेकून ताणून घ्यावें लागतें, आणि रात्र चढून गारवा वाढला कीं पुन्हां शेकावें लागतें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं या पांचांत चाल वाजविणारें वाद्य एकही नाहीं. चाल सर्वस्वीं गळ्याची. सरदार गाण्याचें तोंड म्हणतो, मागचे झीलकरी व सुरत्ये तें उंच स्वरांत उचलून धरतात, आणि वाद्यें त्या गळ्यांभोंवतीं केवळ लयीचें व नादाचें कुंपण घालतात. या पांच वाद्यांचे नाद एकमेकांपासून इतके दूरचे आहेत, कीं ध्वनिक्षेपक नसलेल्या काळांतही हजारोंच्या जमावांत प्रत्येक नाद निराळा ऐकूं येत असे. नादांच्या निवडीचें हें शहाणपण कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नव्हतें.

हे फड मुख्यतः महार, मांग व कोल्हाटी समाजांतील कलावंतांनीं उभे केले. नारायणगांवचें नांव महाराष्ट्रभर नेणारा भाऊ-बापूंचा फड हा त्यांतलाच. आणि त्या घरांत वाढलेल्या विठाबाई (१९३५-२००२) या तर विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर अशा पूर्ण नांवानें रंगमंचावर उभ्या राहिल्या. जें नांव गांवकुसाबाहेर लपवावें असें समाजानें शिकविलें, तें त्यांनीं तंबूच्या दारावर लाविलें. उलट दिशेचें उदाहरण पठ्ठे बापूरावांचें (१८६६-१९४५). श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मण तरुणाला ढोलकीच्या नादानें ओढून नेलें. संगमनेराजवळच्या हिवरगांवची पवळा त्यांच्या फडांत नाचूं लागली, आणि कुलकर्णीपण कायमचें मागें पडलें. त्या काळीं दुसऱ्याच्या नादांत शिरावयाचें तर स्वतःची जात उंबऱ्याशीं ठेवावी लागे.

अशा व्यवस्थेंत बिनजातीचें पहिलें वाद्य आलें तें म्हणजे पेटी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यानें १८४२ सालीं हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पायानें भाता हलविण्याचें तें वाद्य खुर्चीवर बसणाऱ्यांचें होतें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८८४ च्या सुमारास हातभात्याची पेटी काढली, आणि जाजमावर बसून एका हातानें वारा व दुसऱ्या हातानें स्वर देण्याची सोय झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, त्यानंतरच्या संगीत नाटकांत पेटीनें जम बसविला, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळांत पायाचा ऑर्गन नाट्यगृहाची शोभा होऊन बसला. तमाशाच्या संगीत बारींत तर पेटी हेंच मुख्य वाद्य ठरलें. आणि ढोलकीफडांतही, गळ्याला आधार देणारें चालीचें वाद्य कोणतेंच नसल्यामुळें, तिला आयती मोकळी जागा मिळाली.

पेटींत अनेकजाति वाद्याचें बीज आहे, हें पेटी उघडून पाहणाऱ्याच्या सहज ध्यानांत येतें. आंत सुरांच्या ओळी असतात. कारागीर त्यांना खर्ज, नर व मादी म्हणतात. पुढच्या खुंट्या ओढल्या वा लोटल्या म्हणजे कोणत्या ओळींना वारा मिळावा हें ठरतें, आणि तोच स्वर कधीं जाड, कधीं मऊ, कधीं टोकदार होऊन येतो. युरोपांतील ख्रिस्ती देवळांच्या महाऑर्गनांत हीच युक्ति फार पुढें गेलेली होती. तेथें खुंट्यांवर बांसरी, तुतारी, इतकेंच नव्हे तर मनुष्यकंठ अशींही नांवें कोरलेलीं असत, आणि एकटा वादक हातापायांनीं अख्खा वाद्यवृंद हलवीत असे.

पेटीवर आपल्याकडे जो वाद झाला तो प्रसिद्ध आहे. तिच्यावर मींड निघत नाहीं, तिच्या श्रुति ठरीव व परकीय, असे आक्षेप घेतले गेले; रवींद्रनाथांसारखे थोर पुरुषही तिच्या विरुद्ध होते; आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें, ती बंदी सुमारें तीन दशकें टिकली. आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्षांनीं स्वरांचा सूक्ष्म हिशेब केला, परंतु उठविल्या गेलेल्या माणसाचा केला नाहीं. पेटी आली तेव्हां गाणाऱ्याच्या शेजारून सारंगिया उठला. तो केवळ पेटी सोपी म्हणून उठला नाहीं. सारंगी ज्या माड्यांशीं व ज्या घराण्यांशीं जोडलेली होती, त्यांचें नांव सभ्य घरांना नको होतें. पेटी दुकानांतून आली. तिला पूर्वज नव्हते, मोहल्ला नव्हता, बदनामी नव्हती. म्हणूनच ज्या पांढरपेशा घरांत सारंगीला उंबरा ओलांडतां आला नसता, तेथें मुलीच्या शिक्षणासाठीं पेटी बैठकीच्या खोलींत येऊन बसली. शुद्धतेच्या नांवानें पेटीला विरोध झाला, आणि शुद्धतेच्याच नांवानें तिचा स्वीकार झाला!

विजेच्या वाद्यांची कथा लवकर आटोपतां येईल. १९८३ सालीं अमेरिकन व जपानी वाद्यनिर्मात्यांनीं निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून मिडी नांवाची सामाईक भाषा ठरविली. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हीं त्यांतील दोन प्रमुख नांवें. या भाषेंत एकाच तारेंतून सोळा निरनिराळ्या वाटा काढलेल्या असतात. पट्टी दाबली तर तारेंतून नाद जात नाहीं. अमुक वाटेनें, अमुक स्वर, अमुक जोरानें, एवढी आज्ञा जाते. नादाची जात कोणती हें आज्ञा घेणारें यंत्र ठरवितें. स्वर आणि त्याची जात यांची फारकत येथें शास्त्रोक्त झाली. मग एकाच यंत्रांत सोळा वाटांवर सोळा जाति बसविणें हा पुढचा टप्पा ओघानेंच आला; १९८८ मध्यें निघालेल्या कोर्ग एम-१ या गाजलेल्या वाद्यांत आठ जाति एका वेळीं वाजूं शकत.

१९९१ सालीं एक गोष्ट अशी झाली कीं जिची नोंद संस्कृतीच्या इतिहासकारानें घ्यावी. कोणत्या क्रमांकावर कोणता नाद असावा याची जनरल मिडी नांवाची जागतिक यादी ठरली. तींत १२८ नाद आहेत. १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. जपानचा कोतो आहे, स्कॉटलंडची पिशवीची बांसरी आहे, आफ्रिकेची कालिंबा आहे. ढोलकी नाहीं, हलगी नाहीं, तुणतुणें नाहीं. जागा अपुरी पडली म्हणावें, तर यादीचे शेवटचे तीन नाद हेलिकॉप्टर, टाळ्यांचा कडकडाट आणि बंदुकीचा बार हे आहेत. म्हणजे सातासमुद्रांपलीकडच्या त्या यंत्रानें तमाशाला टाळ्या तेवढ्या देऊं केल्या, ढोलकी दिली नाहीं! तरीही नव्वदीनंतर कीबोर्ड फडांच्या तंबूंत शिरला, आणि त्याच्या पाठोपाठ हाताकाठीनें बडविण्याच्या आठ चौकोनांचें ऑक्टोपॅड आलें. पेटीवाला कीबोर्डवाला झाला. सिनेमाचीं गाणीं हुबेहूब वाजूं लागलीं. आणि तुणतुण्याच्या तारेचा नाद त्या गदारोळांत बुडाला.

यादीचा हा जुलूम मोडला तो सॉफ्टवेअरनें, आणि याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. १९९९ च्या सुमारास जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें संगणकाच्या आंतच वाद्य भरण्याची पद्धति रूढ केली. २००२ मध्यें निघालेलें कोंटॅक्ट हें सॉफ्टवेअर आज जगभर वापरलें जातें. त्याची रचना एखाद्या फडताळासारखी असते. फडताळ एक, कप्पे अनेक. प्रत्येक कप्प्यांत एक नाद भरावयाचा, त्याला एक वाट नेमून द्यावयाची, आणि त्याचा आवाज मिश्रणफलकावर स्वतंत्र खुंटीपाशीं आणावयाचा. प्रत्येक नादासाठीं निराळें फडताळ मांडलें तर संगणकाची स्मृति व शक्ति अधिक खर्च होते. एकांतच अनेक भरले म्हणजे काटकसर होते आणि सर्वांस एकच दालन, एकच घुमारा देतां येतो. तोटा एवढाच, कीं फडताळ कोसळलें तर सोळाही एकदम गप्प. तुणतुण्याची तार तुटली म्हणून तमाशा थांबल्याचें कोणीं ऐकलें आहे काय?

या कप्प्यांत काय भरावें हें आतां कोणी परका ठरवीत नाहीं. हलगीवाल्याला ध्वनिमुद्रणगृहांत बसवून त्याच्या थापा एकेक करून टिपतात: हळू, मध्यम, जोराच्या, जाड टिपराच्या, बारीक काडीच्या, कांठावरच्या, मधल्या. एकच थाप पुन्हां पुन्हां लागून कान विटूं नये म्हणून तिचे चार-पांच पाठ घेतात आणि ते आळीपाळीनें वाजवितात. याप्रमाणें हलगी जगाच्या यादींत शिरली, आणि बर्लिनमधील एखादा तरुणही ती बोटाच्या टोकानें वाजवूं शकतो. परंतु ती एका विशिष्ट तापावर शेकलेली हलगी आहे; कायमची तेवढीच तापलेली. आंबेगांव तालुक्याला ज्या गांवानें नांव दिलें तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि नांव तेवढें तालुक्याला राहिलें, त्याची येथें आठवण होते.

नारायणगांवाहून खोडदकडे गेलें म्हणजे शेतांतून प्रचंड जाळीदार तबकड्या दिसूं लागतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली ही महादुर्बीण आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा जवळजवळ, आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. तमाशाच्या पंढरीला लागूनच ही जागा असावी हा योगायोग आम्हांस फार बोधक वाटतो. एकाच ताऱ्याकडे तीसही तबकड्या पाहतात. परंतु प्रत्येक तबकडी निराळ्या ठिकाणीं उभी असल्यामुळें तिला तीच लहर किंचित् पुढेंमागें पोहोंचते, आणि या पुढेंमागें होण्यांतूनच चित्र उमटतें. सर्व तबकड्या एकाच जागीं रचल्या असत्या तर एवढें बारीक चित्र उमटतें ना. फडांतील पांच वादकांची गोष्ट अशीच आहे. त्यांचे नाद निराळे म्हणून तमाशा रंगतो हें अर्धें खरें. पांचजण पांच ठिकाणीं उभे आहेत, पांचांचीं मनें निराळीं आहेत, आणि नाचणारीचें पाऊल प्रत्येकाला किंचित् निराळ्या क्षणीं कळतें, हें उरलेलें अर्धें. अनेकजाति वाद्यांत जाति सोळा असतात, मन एकच असतें. सोळाही थापा एकाच क्षणावर, घड्याळाच्या कांट्यावर पडतात; मग ती निर्जीवता घालविण्यासाठीं सॉफ्टवेअर मुद्दाम थोडीशी चूक मिसळण्याची कळ पुरवितें. माणसाची चूक विकत घ्यावी लागावी, यापेक्षां माणसाचें मोल अधिक स्पष्टपणें कोणीं सांगितलेलें नसेल.

तथापि येथें गळा काढणें आम्हांस मान्य नाहीं. हलगीचा नाद हातापासून सुटला याचें दुःख करणाऱ्यानें त्या हातांनाही विचारावयास हवें. गांवकीचें काम म्हणून हलगी ज्यांच्या गळ्यांत अडकविलेली होती, त्यांपैकीं अनेकांनीं ती स्वाभिमानानें उतरवून ठेविली. मिरवणुकीपुढें वाजवावें आणि पंगतीला दूर बसावें, ही ज्या वाद्याची रूढि, तें वाद्य नातवानें शिकलें नाहीं तर परंपरा बुडाली असें म्हणण्याचा अधिकार आपल्या वर्गाला नाहीं. कीबोर्डपुढें बसलेल्या मुलाला कोणी त्याचें आडनांव विचारीत नाहीं, आणि ही लहान गोष्ट नव्हे. अजय-अतुल या संगीतकार बंधूंचें बालपण वडिलांच्या महसूल खात्यांतील बदल्यांमुळें जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा भागांत गेलें. त्यांच्या घराण्यांत संगीताचा वारसा नव्हता. ज्या नादांना सभ्य संगीतांत जागा नव्हती ते त्यांनीं चित्रपटाच्या मध्यभागीं आणून बसविले. ‘जोगवा’च्या संगीतास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या ‘सैराट’साठीं त्यांनीं लॉस एंजल्सला जाऊन अख्खा पाश्चात्य वाद्यवृंद प्रत्यक्ष माणसांकडून वाजवून घेतला. संगणकाच्या फडताळांत व्हायोलिनांचे ताफेच्या ताफे तयार असतांना त्यांनीं हा खर्च कां केला असेल, हें वाचकांस आतां निराळें सांगावयास नको.

खरी अडचण पैशाची व नांवाची आहे. पेटीनें सारंगियाला उठविलें, परंतु त्याचा नाद घेतला नाहीं. अनेकजाति वाद्य नाद घेतें. हलगीवाला एक दिवस येतो, थापा देतो, ठरलेली बिदागी घेतो व जातो. त्यानंतर त्या थापा हजारों गाण्यांत वाजतात. आपल्या लेखाधिकाराच्या कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरांत स्वामित्वधनाचा हक्क दिला. परंतु सादरीकरण कशास म्हणावें? एक लावणी हें सादरीकरण खरें. एक सुटी थाप सादरीकरण ठरते काय? गवयाचा गळा गवयाच्या नांवानें विकला जातो. हलगी मात्र सॉफ्टवेअरच्या फडताळांत बहुधा केवळ हलगी या नांवानेंच पडलेली असते. पूर्वीं तिच्या नादावरून वाजविणाऱ्याची जात कळे, माणूस कळत नसे. आतां जातही कळत नाहीं आणि माणूसही कळत नाहीं. विठाबाईंनीं आपलें नांव जातीसकट तंबूवर लाविलें, त्याची किंमत येथें ध्यानांत येते. त्यांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले हेंही विसरतां येत नाहीं. आतां राज्यशासनाचा तमाशा क्षेत्रांतील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नांवें दिला जातो.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. यात्रा रद्द झाल्या, फड घरीं बसले, आणि दुसरें वर्षही तसेंच गेलें. त्या दोन वर्षांत एकट्यानें खोलींत बसून संगणकावर संपूर्ण वाद्यवृंद रचणारे तरुण महाराष्ट्रांत कितीतरी वाढले असतील. त्यांचें काम अडलें नाहीं. ढोलकी मात्र एकट्याला वाजवून भागत नाहीं. डाव्या तोंडावर तळवा घासून काढलेला तिचा घुमारा सॉफ्टवेअरमध्यें भरतां येतो, आणि चांगला भरला गेलाही आहे. परंतु तो केव्हां काढावा हें समोरच्या पावलावरून ठरतें, आणि पाऊल ऐन वेळीं बदलतें. म्हणूनच असेल, फडांत कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आलें, ड्रम आले, तुणतुणें मागें सरलें, हलगीची जागा आक्रसली, तरी ढोलकीवाला अद्याप उठलेला नाहीं. यात्रा पुन्हां भरूं लागल्या तेव्हां नारायणगांवच्या राहुट्याही पुन्हां उभ्या राहिल्या. फडांच्या जाहिरातींत कलावंतांचा आकडा अजूनही ठळक अक्षरांत छापतात, आणि त्यांत सॉफ्टवेअरमधील सोळांना धरीत नाहींत.